पर्णिका मोजण्याआधी : वडोदऱ्यातली संयुक्त पानांची झुडपं ओळखायची कशी

वडोदऱ्यात झुडपं ओळखायला निघालेला माणूस पहिल्यांदा फुलावर विसंबतो. ते साहजिकच आहे, पण तरवड, टाकळा, कासविंदा, दादमारी, टेकोमा ही सगळी मंडळी पिवळ्याच फुलांची. फुलं सरली की नुसतं हिरवं झुडूप उरतं, मग तर पंचाईतच. त्यातून पान संयुक्त असलं, म्हणजे एका देठावर अनेक छोट्या पात्या असल्या, की नवखा माणूस त्या मोजायला बसतो. एका फांदीवर नऊ भरतात, शेजारच्या फांदीवर तेरा, आणि पुस्तकात लिहिलेलं असतं ‘सात ते पंधरा’. बहुतेकांची वही इथेच मिटते.

संख्या ही ओळखीची सगळ्यात कच्ची खूण आहे. पर्णिका कुठे जोडल्या आहेत, त्यांच्यामध्ये काय आहे, देठाच्या बुडाशी काय आहे, फाडल्यावर कशा फाटतात, या खुणा पक्क्या. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये मोजणी मुद्दाम शेवटाकडे ढकलली आहे. क्रम बदलू नका.

चार शब्द आधी ठरवून घेऊ. संयुक्त पानातली एक पाती म्हणजे पर्णिका. त्या ज्या मधल्या दांडीवर बसतात तो कणा. देठाच्या बुडाशी दोन बाजूंना कधीकधी पानासारखे छोटे तुकडे असतात, ती उपपर्णं. आणि देठ फांदीला मिळतो त्या बेचक्यातली कळी म्हणजे कक्षकळी.

काय जवळ हवं

- दहापट मोठं दाखवणारं हातभिंग. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. याच्याशिवाय पायरी ४ आणि ६ जमणार नाहीत.
- १५ सेंटिमीटरची पट्टी, वही आणि पेन्सिल. शाई पावसात पसरते.
- जुनी वर्तमानपत्रं, दोन जाड पुठ्ठे आणि दोरी.
- फोन, फोटोंसाठी.
- पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बंद बूट. काटेरी झुडपांत हात घालायचा आहे.

कागदपत्रांचं म्हणाल तर कमाटीबागेत किंवा रस्त्याकडेला नुसतं बघायला काहीच लागत नाही. मात्र बागेत तोडायचं नाही. गळलेलं पान उचला आणि बाकी फोटो काढा. जांबुघोडा अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय एक काडीही तोडू नका. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात हर्बेरियम आहे, म्हणजे वाळवून जपलेल्या नमुन्यांचा संग्रह. तो बघायचा तर आधी विचारून जा आणि ओळखपत्र बरोबर ठेवा.

काळ श्रावण ते कार्तिक. वैशाखात अर्धी झुडपं निष्पर्ण असतात आणि पहिल्या पावसानंतरची कोवळी फूट फसवी असते. वेळ सकाळची. टाकळा, तरवड यांसारखी शेंगावर्गीय झुडपं सूर्य मावळला की पर्णिका मिटून घेतात, तेव्हा संध्याकाळच्या फेरीत रचना भलतीच दिसते.

आणि हे नीट वाचा: विश्वामित्री नदीच्या कोतरांत, म्हणजे काठच्या घळींत, झुडपं भरपूर आहेत, पण नदीत मगरी आहेत, आणि त्या शहरातल्या पात्रातही आहेत. एखादं पान कितीही खुणावत असलं तरी पाण्याच्या कडेला उतरायचं नाही. जे वरून दिसतं तेवढंच आपलं.

१. पान कुठे सुरू होतं ते ठरवा

स्वयंपाकघरातूनच सुरुवात करा. फोडणीसाठी आपण कढीपत्त्याची जी ‘काडी’ ओरबाडतो ती काडी म्हणजे एक पान. तिच्यावरच्या पात्या म्हणजे पर्णिका. हे ओळखायचं कसं? कक्षकळी शोधा. काडी फांदीला मिळते त्या बेचक्यात कळी असते. पर्णिका कण्याला मिळते तिथे काहीही नसतं. काडीच्या टोकालाही वाढणारा कोंब नसतो. पान तिथे संपलेलं असतं. फांदीचं टोक असतं तर तिथे कोवळी फूट दिसली असती.

आता आवळ्याची डहाळी घ्या. बारीक पात्यांच्या दोन नेटक्या ओळी, अगदी संयुक्त पानासारख्या. पण भिंग लावा: प्रत्येक पातीच्या बुडाशी बारीक फुलं किंवा कळ्या बसलेल्या दिसतील. कढीपत्त्याच्या पर्णिकेपाशी फूल कधीच लागणार नाही. म्हणजे आवळ्याची प्रत्येक पाती हे स्वतंत्र साधं पान आहे आणि ती दांडी ही डहाळी आहे. भुईआवळ्याचंही तसंच. ‘संयुक्त पान अख्खं गळतं’ ही खूण काही ठिकाणी सांगतात; आवळ्याच्या बाबतीत ती उलटते, कारण त्याच्या या डहाळ्याही अख्ख्याच गळतात. कळीची खूणच खरी माना.

याच पायरीवर आणखी चार सापळे आहेत.

एरंड आणि पपई: पान खोलवर कापलेलं, बोटं बोटं दिसणारं, पण पाती मध्याशी सलग जोडलेली. ही साधी पानं.

आपटा आणि कांचन: दोन पाळ्यांचं पान, पण पाळ्या एकमेकींना चिकटलेल्या. इथे संयुक्त पानं म्हणून यांचा हिशेब धरू नका. दसऱ्याला बाजारात आपट्याच्या नावाखाली कांचन विकला जातो तो वेगळाच विषय.

लिंबू: दिसतं साधं पान, पण देठ आणि पाती यांच्यामध्ये एक स्पष्ट सांधा आहे. वाकवलं की तिथेच तुटतं. शास्त्रात याला एकाच पर्णिकेचं संयुक्त पान मानतात. लिंबू, कढीपत्ता आणि कुंती (कामिनी) एकाच घराण्यातले आहेत हे लक्षात घेतलं की त्यात नवल वाटत नाही.

चौथा सापळा सगळ्यात चिवट: तुम्ही बघताय ते पान त्या झुडपाचं आहे का? गुंजेची वेल (गुजरातीत चणोठी) कुंपणाच्या झुडपांत अशी मिसळते की दोन्ही एकच वाटतात. पान हातात धरा आणि देठापासून मागे मागे फांदीपर्यंत जा. तसंच, कडुनिंब, गुलमोहर, बहावा यांची कमरेएवढी रोपं झुडपंच भासतात. खऱ्या झुडपाला सहसा बुडापासूनच अनेक फांद्या फुटलेल्या असतात. रोपाला एकच सरळ सोट असतो. तोडून परत फुटलेलं झाड मात्र याही खुणेला चकवतं.

२. घडण बघा

पर्णिका कण्याच्या दोन बाजूंना ओळीने असतील तर घडण पिसासारखी: कढीपत्ता, गुलाब, तरवड. सगळ्या एकाच बिंदूतून फुटत असतील तर पंजासारखी: निर्गुडी (गुजरातीत नगोड). कण्यालाच पुन्हा फाटे फुटून त्या फाट्यांवर पर्णिका असतील तर दुहेरी पिसासारखी: शंकासुर, बाभळीची सगळी जमात.

तीन पर्णिका असतील तर थांबून बघा. पळसाला पाने तीन हे सगळ्यांना पाठ असतं, पण ती तीन कशी जोडली आहेत ते बघायचं. पळस, तूर, बेल यांच्यात मधली पर्णिका कण्यावर थोडी पुढे जाऊन बसते. निर्गुडीच्या तीन पर्णिकांच्या पानात तिन्ही एकाच ठिकाणाहून निघतात. पहिली घडण पिसाची, दुसरी पंजाची.

पानाला दोनच पर्णिका, राखाडी हिरव्या, आणि बाजूला लांब सरळ हिरवा काटा असला तर ते हिंगण, गुजरातीत इंगोरियो. कोरड्या माळावर भेटतं. यात फसायला फारसं काही नाही.

३. टोकाला एकटी की जोडी, आणि पानं समोरासमोर की आळीपाळीने

पिसासारख्या पानाच्या टोकाशी एकच पर्णिका असेल तर विषम, जोडी असेल तर सम. तरवड, टाकळा, कासविंदा, शेवरी, गुंज ही सम. गुलाब, कढीपत्ता, टेकोमा, नीळ, उन्हाळी (म्हणजे शरपुंखा) ही विषम. टोकाची पर्णिका किडीने खाल्लेली किंवा गळालेली असू शकते, म्हणून एकाच पानावर निकाल देऊ नका. तिथे गळाल्याचा वण आहे का ते भिंगातून बघा.

यानंतरची खूण बहुतेक जण सोडून देतात आणि तीच सगळ्यात जास्त वेळ वाचवते. पर्णिका कण्यावर कशा आहेत ते नव्हे, तर अख्खी पानं फांदीवर कशी आहेत ते बघा. शेंगावर्गीय झुडपांची पानं आळीपाळीने येतात. पान संयुक्त आणि पानं समोरासमोर, असं दिसलं की आपल्या शहरातली यादी एकदम आखूड होते: टेकोमा, जाई, निर्गुडी आणि थोडी मंडळी. टेकोमाच्या पर्णिकांना करवतीसारखी दातेरी कड असते. जाईची कड सपाट आणि टोकाकडच्या तीन पर्णिका बऱ्याचदा बुडाशी जोडलेल्या असतात. निर्गुडी पंजाची, खालून पांढरट, चुरगळली की उग्र वास. तिघी वेगळ्या करायला एवढं पुरतं.

जुई हवी असेल तर तिचं पान फसवं आहे. मधली पर्णिका मोठी आणि बाजूच्या दोन इतक्या बारीक की कानाच्या पाळीसारख्या चिकटलेल्या, कधी अजिबातच नसतात. देठाशी भिंग लावल्याशिवाय जुईला ‘साधं पान’ म्हणू नका.

४. ग्रंथी शोधा: पिवळ्या फुलांचा गुंता इथेच सुटतो

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. तरवडाच्या कुळातल्या बऱ्याच जातींच्या कण्यावर वरच्या बाजूला, पर्णिकांच्या जोडीच्या मधोमध, उभा बारीक दाणा किंवा खुंटी असते. ती ग्रंथी. तिच्यातून गोडसर रस पाझरतो, म्हणून तिथे मुंग्या दिसतात; मुंगी कुठे थांबते ते बघितलं तरी ग्रंथी सापडते. ग्रंथी आहे का, कुठे आहे आणि किती जोड्यांमध्ये आहे, यावर जात ठरते. फूल नसलं तरी चालतं.

तरवड: पर्णिकांच्या साधारण आठ ते बारा जोड्या, आणि प्रत्येक जोडीच्या मध्ये ग्रंथी. देठाच्या बुडाशी मोठी, गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराची उपपर्णं, जी गळत नाहीत. ही दोन लक्षणं एकत्र दिसली की दुसरं काही असूच शकत नाही. पावागडच्या वाटेवरच्या कोरड्या, खडकाळ जागी बघा. गुजरातीत याला आवळ म्हणतात. माळीभाईंनी ‘आवळ’ म्हटलं की आपण मराठी माणसं आवळ्याकडे धावतो. तसं करू नका.

टाकळा: फक्त तीन जोड्या, पर्णिका टोकाकडे रुंद आणि बुडाकडे निमुळत्या. ग्रंथी खालच्या जोड्यांपाशीच, सगळ्यात वरच्या जोडीत नाही. खरं तर हे झुडूपही नव्हे, पावसाळी रोप आहे; पण ते (गुजरातीत कुंवाडियो) पडीक जागेत कमरेपर्यंत वाढतं आणि तरवडाशी गल्लत होते.

कासविंदा (गुजरातीत कासुंद्रो): चार-पाच जोड्या, पर्णिका टोकदार, शेवटची जोडी सगळ्यात मोठी. जोड्यांच्या मध्ये ग्रंथी शोधत बसाल तर मिळणार नाही. इथे एकच ग्रंथी असते आणि ती देठाच्या अगदी बुडाशी, फांदीजवळ. म्हणून पान तोडताना फांदीपासून तोडलं पाहिजे. अर्धा देठ फांदीलाच राहिला तर ओळखही तिथेच राहते. चुरगळल्यावर घाण वास येतो.

दादमारी: भलंमोठं पान, कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढं, मोठ्या लंबगोल पर्णिका, आणि ग्रंथी कुठेच नाहीत. बागांत लावलेली असते.

बहाव्याच्या रोपालाही ग्रंथी नसतात. पण त्याच्या पर्णिका मोठ्या, टोकाकडे निमुळत्या आणि जोड्या कमी. दादमारीच्या पर्णिकांचं टोक बोथट गोलसर असतं.

५. दुहेरी पिसाची आणि काट्यांची मंडळी

इथे पर्णिका इतक्या बारीक असतात की सुरुवात काट्यांपासून केलेली बरी.

दसऱ्याला शमीपूजनाच्या नावाने ज्या फांद्या आणल्या जातात, त्यांत गांडो बावळ (वेडी बाभूळ) मिसळलेला असू शकतो. तो मेक्सिको आणि त्याच्या दक्षिणेकडच्या देशांतून आलेला, आता गुजरातभर पसरलेला. दोघांच्याही पानाला फाट्यांच्या एक ते तीन जोड्या असतात, म्हणून पानाकडे ढोबळ बघून उपयोग नाही. गांडो बावळाचे काटे पेरावर, म्हणजे पान जिथून निघतं तिथे, बहुधा जोडीने येतात आणि चांगले लांब असतात. शमीचे काटे आखूड, बुडाशी रुंद, आणि दोन पेरांच्या मधल्या फांदीवर विखुरलेले असतात. शमीच्या पर्णिका राखाडी छटेच्या; गांडो बावळाच्या अरुंद, हिरव्या आणि प्रत्येक फाट्यावर जास्त. गांडो बावळाचा काटा बुटाच्या पातळ तळातून आरपार जातो, तेव्हा चपला घालून जाऊ नका.

शंकासुर आणि गुलमोहराचं रोप यांची जोडी बागेत छळते. शंकासुराच्या पर्णिका सेंटिमीटरपेक्षा मोठ्या आणि टोकाला गोलसर. गुलमोहराच्या त्याहून बारीक आणि प्रत्येक फाट्यावर वीस-पंचवीस जोड्या. खात्री हवी तर देठाचं बूड बघा: गुलमोहराची उपपर्णं स्वतःच पिसासारखी फाटलेली असतात.

सागरगोटा (गुजरातीत काकच) हाताने न धरताच ओळखा. कण्याच्या खालच्या बाजूलाही वाकडे काटे असतात आणि बुडाशी पानासारखी मोठी उपपर्णं.

६. फाडा, चुरगळा, उजेडात धरा

उन्हाळी (शरपुंखा, गुजरातीत सरपंखो) आणि नीळ या दोघी पडीक जागेत एकमेकींच्या शेजारी वाढतात आणि फुलं नसताना अगदी सारख्या दिसतात. दोघी विषम पिसाच्या, दोघींच्या पर्णिका लहान लंबगोल. एक पर्णिका दोन्ही हातांच्या चिमटीत धरून टोकाकडून ओढा. उन्हाळीची पर्णिका सरळ आडवी फाटत नाही, बाणाच्या टोकासारखी तिरकी फाटते, कारण तिच्या बाजूच्या शिरा एकमेकींना समांतर आणि दाट असतात. निळीची अशी फाटत नाही. निळीवर भिंग लावलंत तर पर्णिकेला चिकटून पडलेले केस दिसतील, मध्यावर टाचलेले आणि दोन्ही टोकं मोकळी. फाडण्याची परीक्षा मुलांनाही फार आवडते. फक्त त्यांना अख्खं झुडूप ओरबाडू देऊ नका.

कढीपत्ता आणि कुंती यांची पानं उजेडासमोर धरा. दोघांतही तेलाचे पारदर्शक ठिपके दिसतात, म्हणजे घराणं पक्कं झालं. मग वास घ्या. कढीपत्त्याचा वास कुणाला सांगायला नको. कुंतीच्या पर्णिका जाड, चकचकीत आणि कमी, तीन ते नऊ. कढीपत्त्याच्या पातळ आणि बऱ्याच, सहसा अकराच्या पुढे.

चव घेऊन मात्र ओळखू नका. पानवाले चणोठीचा गोडसर पाला वापरतात, त्यामुळे ही वेल निर्धोक वाटते. पण तिच्या लाल-काळ्या बिया जहरी आहेत आणि चावलेली एखादी बीही जिवावर बेतू शकते. मुलं बरोबर असतील तर गुंजा त्यांच्या खिशात जाऊ देऊ नका.

७. आता मोजा

झुडपाच्या वेगवेगळ्या बाजूंची, मध्यम उंचीवरची, पूर्ण वाढलेली पाच-सहा पानं घ्या. बुडाशी नव्याने फुटलेल्या धुमाऱ्यांची पानं घेऊ नका, त्यांचे आकडे आणि आकार दोन्ही वेगळे असतात. आकडा एक लिहू नका, पल्ला लिहा: ‘५ ते ९’. सम पानाच्या जोड्या मोजा, विषम पानाच्या सुट्या पर्णिका मोजा, आणि काय मोजलं ते लिहा, कारण नुसता ‘८’ हा आकडा नंतर काहीच सांगत नाही. निर्गुडीच्या एकाच फांदीवर तीनचीही आणि पाचचीही पानं असतात. तो दोष नव्हे, ती तिची सवय आहे.

८. नोंद आणि खात्री

फोटो चार काढा: अख्खं झुडूप, पान फांदीला मिळतं ती जागा, कण्याची वरची बाजू (ग्रंथींसाठी), आणि पर्णिकेची खालची बाजू पट्टीसह. फोनमधली ओळख सांगणारी अ‍ॅप बहुतेक वेळा फक्त हिरव्या पसाऱ्याचा फोटो बघून अंदाज बांधतात. त्यांनी सुचवलेलं नाव उमेदवार समजा आणि वरच्या पायऱ्यांवर तपासून घ्या. ग्रंथी जुळत नसेल तर नाव बाद.

नमुना घ्यायची मुभा असेल तिथे सुटं पान घेऊ नका; दोन-तीन पानांसह फांदीचा तुकडा घ्या. वर्तमानपत्रात पसरताना एक पान उलटं ठेवा, म्हणजे खालची बाजू नंतर बघता येते. पुठ्ठ्यांमध्ये बांधून वर वजन ठेवा आणि कागद रोज बदला. पावसाळ्यात इथल्या दमट हवेत एक दिवस चुकला तरी बुरशी धरते. शेंगावर्गीय पानांच्या पर्णिका वाळताना गळतात, त्या टाकून देऊ नका. कागदाची पुडी करून नमुन्याबरोबर ठेवा. चिठ्ठीवर तारीख, जागा, झुडपाची उंची आणि दोन्ही नावं लिहा, मराठी आणि गुजराती. वनस्पतिशास्त्र विभागात विचारायला गेलात की गुजराती नावाने काम लवकर होतं.

हर्बेरियममधल्या जुन्या नमुन्यांशी ताडून बघताना रंगावर जाऊ नका. सगळं तपकिरी झालेलं असतं. ग्रंथी, कड, शिरा आणि उपपर्णं मात्र वाळल्यावरही तशीच राहतात. भिंग तिथेही बरोबर न्या, आणि नमुन्याचा कागद उलटा करू नका, पर्णिका झडतात.